रक्त कमी असताना गुडघ्याची वाटी बदलायची: थांबायचं की पिशव्या चढवून उरकायचं?

वाचकाचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका सुनेचं पत्र आहे. सासूबाई ६३ वर्षांच्या, वजन ५८ किलो, १४ वर्षांपासून आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस). आठवड्यातून एकदा आमवाताचं औषध मेथोट्रेक्सेट १५ मिलीग्रॅम, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड आणि रोज प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ५ मिलीग्रॅम चालू आहे. शिवाय दुखलं की मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, "जवळजवळ रोज एक, थंडीत दोन". उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची तारीख ठरली होती आणि सुनेच्या पतीने पंधरा दिवसांची रजाही टाकली होती. तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघालं आणि भूलतज्ज्ञांनी फिटनेस दिला नाही. चार ते सहा आठवडे थांबा म्हणाले. रिपोर्टमध्ये एमसीव्ही ७४, सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी तपासणी) २२ आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ६८ आहे. फेरिटिन नॉर्मल असल्यामुळे "लोह कमी नाही, हे आमवाताचंच रक्त" असं त्यांना सांगण्यात आलं. दुसऱ्या एका हॉस्पिटलने आदल्या दिवशी दोन पिशव्या चढवून लगेच ऑपरेशन करायची आणि चौथ्या दिवशी घरी पाठवायची तयारी दाखवली आहे. सासूबाई म्हणतात, "माझं रक्त कायमच नऊ-साडेनऊ असतं, मला काही होत नाही." नणंदेच्या मते घरात खाण्यापिण्याची आबाळ होते म्हणून ही वेळ आली. वाचक विचारतात: थांबावं की दुसरीकडे करून घ्यावं? आणि यात माझं खरंच काही चुकलं का?

उत्तर

तुमच्यापुढे निर्णय आहे, म्हणून उत्तर आधी सांगते: थांबा. पण नुसत्या थांबू नका. हे चार-सहा आठवडे लोहाची एक गोळी चालू करून कॅलेंडर बघत बसण्यासाठी नाहीत. रक्त का कमी आहे हे या दिवसांत शोधायचं आहे. ते शोधलं नाही, तर सहा आठवड्यांनी तुम्ही त्याच भूलतज्ज्ञांसमोर जवळपास तोच आकडा घेऊन बसाल.

सासूबाई म्हणतात त्यात खोटं काही नाही. हिमोग्लोबिन सावकाश उतरत गेलं की शरीर जुळवून घेतं. हृदय थोडं जास्त काम करतं, माणूस नकळत हालचाल कमी करतो. त्यांचा गुडघाच दुखतो, त्यामुळे जिना नाही, बाजार नाही, मग धाप लागते की नाही हे कळणार कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बायकांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनसाठी मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रकात बायकांसाठीही १३ हेच लक्ष्य ठेवलं आहे. त्यामागचा विचार सरळ आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये बाईचं म्हणून रक्त कमी वाहत नाही, आणि तिच्या अंगात मुळातच एकूण रक्त पुरुषापेक्षा कमी असतं.

आता ९.४ वर ऑपरेशन झालं तर वॉर्डात काय घडतं ते बघू. गुडघा बदलताना बाटलीत जमा झालेलं रक्त दिसतं, पण मांडीच्या आणि गुडघ्याच्या आत झिरपलेलं दिसत नाही. दोन्ही मिळून नुकसान बऱ्याचदा एक लिटरच्या आसपास जातं. त्यात सलाईनने रक्त पातळ होतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ऑपरेशनच्या दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत खाली जातं. दोन ते तीन ग्रॅमची घसरण नेहमीची समजा. १३ वरून माणूस साडेदहावर येतो आणि वॉकर धरून उभा राहतो. साडेनऊवरून तो सातच्या घरात जातो.

सातच्या घरात असलेल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट पलंगाच्या कडेला बसवतात, उभं करतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, रक्तदाब खाली येतो आणि पुन्हा झोपवावं लागतं. त्या दिवसाचा व्यायाम गेला. मग रक्त मागवायचं, क्रॉसमॅच करायचं (जुळतं का बघायचं), एक पिशवी दोन ते चार तासांत द्यायची, ताप-थंडी येते का बघायचं, पुन्हा तपासणी करायची. दुसरा दिवसही गेला. इकडे गुडघा पहिल्या दिवसांत वाकवला नाही तर आखडतो. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा, छातीत कफ साचण्याचा धोका वाढतो. रक्तक्षय असलेल्या रुग्णांचा मुक्काम लांबतो तो असा, एकेक दिवस करत. त्यांना रक्त जास्त वेळा चढवावं लागतं, जंतुसंसर्ग जास्त होतो, आणि घरी गेल्यावर पुन्हा दाखल व्हायची वेळही जास्त येते. आमवातात आणखी एक अडचण असते: हाताची बोटं आणि मनगटंही दुखरी असतात. अशक्त पायांचा सगळा भार ज्या वॉकरवर टाकायचा, तोच नीट धरता येत नाही.

म्हणून "चौथ्या दिवशी घरी" हा शब्द कशाच्या भरवशावर दिला, हे त्या दुसऱ्या हॉस्पिटलला विचारायला हवं. तो हिशेब चांगलं हिमोग्लोबिन असलेल्या रुग्णाचा आहे. पॅकेजमध्ये किती दिवस धरले आहेत, पाचव्या दिवसापासूनचं बिल कोण भरणार आणि रक्ताच्या पिशव्या पॅकेजमध्ये येतात का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा. उत्तरावरून बरंच कळेल.

दोन पिशव्यांचं म्हणाल तर एक पिशवी साधारण एक ग्रॅम वाढवते. म्हणजे ९.४ चे ११.४ होतील, तेही ऑपरेशनच्या आदल्या रात्री. आकडा कागदावर सुधारतो, पण रक्त कुठून तरी गळत असेल तर ते गळतच राहतं. वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यातून रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर, भराभर चढवलेल्या पिशव्यांनी फुप्फुसात पाणी साठू शकतं. दुसऱ्याचं रक्त शरीरात गेल्यावर विरोधी प्रथिनं तयार होऊ शकतात. मग पुढच्या वेळी, समजा डाव्या गुडघ्याच्या वेळी, जुळणारी पिशवी शोधताना अडचण येते. रक्त जीव वाचवतं आणि गरज असेल तिथे ते दिलंच पाहिजे. पण टाळता येण्यासारख्या कमतरतेवर ते आदल्या रात्रीचा शॉर्टकट म्हणून वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचीही २०१० पासूनची दिशा हीच आहे: आधी रुग्णाचं स्वतःचं रक्त वाढवा, मग ते कमी वाया जाऊ द्या, आणि पिशवी शेवटी.

आता मूळ प्रश्नाकडे. "हे आमवाताचंच रक्त" हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते घातक ठरतं.

आमवात अंगात पेटलेला असतो तेव्हा शरीरात इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेशवाहक वाढतो. तो यकृताला हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त बनवायला लावतो. हेप्सिडिन आतड्यातून लोह आत घेण्याची वाट बंद करतं आणि साठवणीच्या पेशींमधलं लोह बाहेर पडू देत नाही. कणगीत धान्य आहे, पण झाकण लावून वर दगड ठेवलाय, अशी ती अवस्था. याला दीर्घ दाहाचा रक्तक्षय म्हणतात आणि तुमच्या सासूबाईंना तो काही प्रमाणात आहेच. सीआरपी २२ आहे, म्हणजे दाह चालू आहे.

पण फेरिटिन ६८ वरून "लोह कमी नाही" असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. दाह असला की फेरिटिन आपोआप वाढतं. निरोगी माणसात ३० च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. दाह असलेल्या माणसात मात्र १०० च्या खालचं फेरिटिन आणि सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे त्याचं प्रमाण) २० टक्क्यांच्या खाली असेल, तर कमतरता धरायची. हे सॅच्युरेशन तुमच्या रिपोर्टमध्ये नाही. त्यासाठी सीरम आयर्न (रक्तातलं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची एकूण क्षमता) या दोन तपासण्या लागतात. आयर्नला टीआयबीसीने भागून शंभराने गुणायचं. उदाहरणार्थ आयर्न ३२ आणि टीआयबीसी २९० आलं तर उत्तर ११ टक्के, म्हणजे लोह नक्की कमी. रक्त सकाळी उपाशीपोटी द्या. लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नका, नाहीतर आकडा फसवतो.

एमसीव्ही ७४ ही तुमच्या कागदावरची सर्वांत बोलकी गोष्ट आहे. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, तो साधारण ८० ते १०० असतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या पेशी उलट मोठ्या होण्याकडे झुकतात. नुसत्या दाहाच्या रक्तक्षयात त्या बहुतेक वेळा नेहमीच्या आकाराच्या, फार तर किंचित लहान असतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना ७४ म्हणजे लोहाची खरी कमतरता दाहाच्या जोडीला आहे, हा संशय पक्का धरायचा. दुसरी शक्यता थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या वाहकाची. ती हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या एकाच तपासणीत कळते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. विदर्भातल्या आणि नंदुरबार भागातल्या वाचकांनी याच तपासणीत सिकलसेलही बघून घ्यावा. तो असेल तर भूल आणि ऑपरेशनची आखणीच वेगळी होते. लोहासोबत बी-१२, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइडही करून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा बरीच वर्षं आम्लपित्ताची गोळी घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे.

मग लोह गेलं कुठे? पाळी थांबलेल्या बाईच्या अंगातलं लोह कमी झालं, तर पहिला संशय पोटावर घ्यायचा. तुमच्या पत्रात मला सर्वांत काळजीची वाटलेली ओळ मेडिकलमधून आणलेल्या गोळीची आहे. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या जठराचं संरक्षक अस्तर पातळ करतात. प्रेडनिसोलोनच्या जोडीला त्या रोज घेतल्या तर जठरात व्रण होण्याचा आणि त्यातून रक्त झिरपण्याचा धोका कितीतरी वाढतो. हे झिरपणं बऱ्याचदा दुखत नाही, कारण दुखणं मारणारी गोळी पोटातच असते. रोज चमचा-दोन चमचे रक्त गेलं तर शौचाचा रंगही बदलत नाही, आणि महिन्याला शंभर मिलीग्रॅमच्या आसपास लोह निघून जातं.

असा व्रण न शोधता ऑपरेशन केलं तर पुढचं चित्र बघा: पिशव्या चढवल्या, गुडघा बदलला, पायात गाठी होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं आणि वर वेदनाशामक इंजेक्शन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळं शौच आणि घसरलेलं हिमोग्लोबिन. मग गुडघा बाजूला राहतो आणि मुक्काम पोटाच्या डॉक्टरांकडे हलतो. भूलतज्ज्ञांनी तुमची तारीख मोडली तेव्हा त्यांना हेच टाळायचं होतं.

म्हणून लोहाची कमतरता ठरली, तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवून गॅस्ट्रोस्कोपी (जठराची दुर्बिणीने तपासणी) करून घ्या. या वयात कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सांगतील, तिला नाही म्हणू नका. मूळव्याध आहे म्हणून "तिथूनच जात असेल" असं घरच्या घरी ठरवू नका. मूळव्याध आणि आतड्यातली गाठ एकाच माणसाला असू शकते. वेदनाशामक आजपासून बंद करायची आणि तिच्या जागी काय घ्यायचं हे डॉक्टरांना विचारायचं. यकृत ठीक असेल तर बहुतेक वेळा पॅरासिटामॉल देतात, पण मेथोट्रेक्सेट चालू असल्यामुळे किती घ्यायची ते त्यांनीच ठरवू दे. कोणाकडून आणलेली संधिवाताची पुडी किंवा बिननावाची गोळी चालू असेल तर तीही सांगा. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं आढळलं आहे, आणि शिसं असलेल्या भस्मांनीही रक्त कमी होतं.

आता नणंदेच्या बोलण्याबद्दल. ५८ किलो वजन, ९.४ वरून १३ पर्यंत जायचं. डॉक्टर वापरतात तो हिशेब असा: वजन गुणिले हवी असलेली वाढ गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. म्हणजे ५८ × ३.६ × २.४ हे झाले सुमारे ५००, त्यात ५०० मिळवले की १००० मिलीग्रॅम लोह. चांगल्या जेवणातूनही आतडं दिवसाला एक ते दोन मिलीग्रॅमच लोह आत घेतं, आणि त्यातलं बरंचसं रोजची झीज भरण्यात जातं. दाह असताना तेवढंही जात नाही. तेव्हा तुम्ही रोज अळिवाचे लाडू, मेथी, खजूर आणि गूळ-शेंगदाणे वाढले असते, तरी ही तूट स्वयंपाकघरातून भरली नसती. तुमचं काहीही चुकलेलं नाही. हा हिशेब नणंदेला वाचून दाखवा.

आहार निरुपयोगी आहे असं मात्र नाही. मोडाच्या उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा निदान तासभर पुढे ढकला. मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून एक-दोनदा मटण किंवा मासे असू द्या, त्यातलं लोह भाजीतल्यापेक्षा सहज शोषलं जातं. मेथोट्रेक्सेट चालू असताना मद्य वर्ज्य, आणि "रक्तवाढीचं टॉनिक" म्हणून मिळणाऱ्या आसवांमध्ये थोडं मद्य असतं, हे लक्षात असू द्या. बीटचा लाल रंग लोहाचा नाही. आवडत असेल तर खावं, पण त्यावर विसंबू नये.

तूट भरायची ती औषधाने. गोळी की सलाईनमधून, हे दोन गोष्टींवर ठरतं: वेळ किती आहे आणि दाह किती आहे. गोळी असेल तर पाकिटावर "एलिमेंटल आयर्न" (गोळीतलं प्रत्यक्ष लोह) किती ते वाचा. ६० ते १०० मिलीग्रॅमची एक गोळी एक दिवसाआड पुरते. रोज दोन-तीन घेतल्याने फायदा होत नाही, कारण एका गोळीने हेप्सिडिन दिवसभर वर जातं आणि पुढची गोळी आतड्यातून तशीच पुढे निघून जाते, बद्धकोष्ठता तेवढी वाढवते. उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास. गोळीने शौच हिरवट काळं होतं, पण बांधून होतं. डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं काळं शौच झालं तर तो रक्तस्राव समजून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

सासूबाईंचा दाह बघता गोळी अपुरी पडण्याची शक्यता मोठी आहे. ऑपरेशनला सहा आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल किंवा महिन्याभरात एक ग्रॅमही वाढ झाली नाही, तर शिरेतून लोह देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर १००० मिलीग्रॅम एकाच बैठकीत पंधरा मिनिटांत जातं. आयर्न सुक्रोज असेल तर २०० मिलीग्रॅमच्या पाच फेऱ्या होतात. दुसरं स्वस्त पडतं, पण दुखऱ्या गुडघ्याने पाच चकरा माराव्या लागतात, तोही खर्च धरा. हे घरी कंपाउंडरकडून घ्यायचं औषध नाही. अ‍ॅलर्जी झाली तर सांभाळण्याची सोय हवी आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायला हवं. सुईच्या जागी जळजळ किंवा सूज आली तर लगेच थांबवायला सांगा, बाहेर गळलेल्या लोहाचा तपकिरी डाग वर्षानुवर्षं राहतो. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना हे द्यायचं नाही. आकडा पहिल्या आठवडा-दहा दिवसांनी हलायला लागतो आणि पूर्ण परिणाम साधारण महिन्याने दिसतो. चार ते सहा आठवडे हे त्यावरूनच आले आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शिरेतून लोह दिलं की सगळं सुरळीत, असं नाही. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांआधी हे करून पाहिलं गेलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हिमोग्लोबिन वाढलं, पण रक्त चढवण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण मात्र कमी दिसलं. त्या चाचणीत भाग घ्यायला लोहाचीच कमतरता असायला हवी अशी अट नव्हती. माझ्या मते यातून घ्यायचं ते एवढंच: कारण शोधून, नेमकी लोहाचीच कमतरता आहे हे पाहून, पुरेसे दिवस आधी द्यावं.

आणि कणगीवरचा दगड हलवणारे डॉक्टर वेगळे. संधिवाततज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा. सीआरपी २२ आहे, म्हणजे सध्याचं औषध आमवाताला पुरत नाही. आमवात शांत झाला की हिमोग्लोबिन आपसूक चढतं. "मेथोट्रेक्सेटने रक्त कमी होतं" असं ऐकून ती स्वतःहून बंद करू नका. गुडघा बदलण्याच्या काळातही ती बहुतेक रुग्णांमध्ये चालूच ठेवतात. आठवड्यातून एकदाच घेतली जाते ना, हे मात्र डोळ्यांनी पाहा. चुकून रोज घेतली तर अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा भाग) बंद पडू शकते आणि जिवावर बेतू शकतं. प्रेडनिसोलोन ऑपरेशनच्या दिवशीही सोडायची नाही. आमवाताची जैविक (बायोलॉजिक) इंजेक्शनं घेणाऱ्या वाचकांनी पुढचा डोस कधी आहे हे शल्यतज्ज्ञांना सांगावं, कारण ऑपरेशन साधारणपणे डोसच्या चक्राच्या शेवटी धरतात. आमवात इतका जुना असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांचा एक्स-रे झालाय का, हेही भूलतज्ज्ञांना विचारा.

मधल्या दिवसांत मांडीचे स्नायू तयार करा. पाय सरळ ठेवून टाचेसकट वर उचलायचा, पाच सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. दात किडलेले असतील तर आताच दाखवा, दातातला जंतू नव्या सांध्यात जाऊन बसू शकतो. मिश्री लावायची सवय असेल तर ती बंद, तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. कोपरापासून हात टेकवता येणारा वॉकर आणि संडासात उंच बैठक आधीच आणून ठेवा. मुलाने सगळी रजा दाखल व्हायच्या दिवसापासून घालवू नये. हॉस्पिटलात नर्स असतात, घरी पहिला आठवडा जास्त कठीण जातो. मेडिक्लेमची आगाऊ मंजुरी घेतली असेल तर ती नव्या तारखेला चालते का, हे आजच फोन करून विचारा.

दाखल होताना शल्यतज्ज्ञांशी काही गोष्टी बोलून घ्या. रक्तस्राव कमी करण्यासाठी ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड देणार का? हे स्वस्त औषध आहे आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये त्याचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गाठ झाली असेल तर ते आधी सांगा. दुखणं कमी करायला नसेभोवती भूल देणार का, म्हणजे जठरावर ताण देणारी इंजेक्शनं कमी लागतील? हिमोग्लोबिन पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी बघणार का? आणि रक्त लागलंच तर एकेक पिशवी देऊन पुन्हा तपासणार ना? स्थिर रुग्णाला हाडाच्या ऑपरेशननंतर साधारण ८ च्या खाली गेल्यावर किंवा चक्कर, छातीत दुखणं, धाप अशी लक्षणं असल्यावर रक्त द्यावं, असा प्रघात आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खुब्याच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत १० च्या खाली गेल्यावर लगेच रक्त देणं आणि ८ पर्यंत थांबणं यांची तुलना झाली. साठ दिवसांनी चालता येण्यात आणि जगण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन सूचना. वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांचा संधिवात असेल तर तो रक्त कमी करत नाही. तिथे हिमोग्लोबिन कमी निघालं तर "सांध्याचंच असेल" म्हणायला जागाच नाही. वेदनाशामक, मूत्रपिंड, आतडं हे सगळं तपासायलाच हवं, पुरुषांमध्ये तर विशेष. आणि घरातलं कोणी पडून खुब्याचं हाड मोडलं असेल तर या उत्तरातलं "थांबा" त्यांना लागू नाही. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दीड-दोन दिवसांत व्हावं लागतं. तिथे हिमोग्लोबिन कमी असेल तर पिशवी चढवूनच पुढे जातात, आणि तेच योग्य आहे.

नवी तारीख घेताना ती दिवसावर नाही, आकड्यावर बांधून मागा. चौथ्या आठवड्यात सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करा आणि भूलतज्ज्ञांना दाखवा. १३ झालं तर उत्तम. आमवातामुळे साडेबारापाशी अडलं आणि पोटातून रक्त जात नाही हे नक्की झालं असेल, तर पुढे जायचं का हे तेच सांगतील. डिस्चार्जनंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा सीबीसी आणि फेरिटिन करा. ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत दाह वाढलेला असतो आणि गोळीतलं लोह फारसं शोषलं जात नाही. म्हणून पहिल्या महिन्यात आकडा हळू चढला तरी गोळ्या दुप्पट करू नका.